भांबुर्डी संघ

आमच्याकडे थंडी आधी नाकाला कळते. भात कापून झालं की ओल धरलेल्या खाचरांत वाल पेरतात, जानेवारीपर्यंत शेंगा भरतात, आणि मग एखाद्या संध्याकाळी कुठल्या तरी बांधावरून तो धूर येतो. पेंढ्याचा, सुक्या झावळ्यांचा, आणि त्या सगळ्यावर चढून बसलेला भांबुर्डीचा. भांबुर्डी म्हणजे बांधावर आपोआप उगवणारं रानटी झुडूप. ते कुणी लावत नाही, त्याला कुणी पाणी घालत नाही, गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत. पण मडक्यात त्याचा पाला पडल्याशिवाय आमची पोपटी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या शेंगा, होत नाही. तळाला पाला, त्यावर जाडं मीठ आणि ओवा चोळलेल्या वालाच्या शेंगा, मध्ये बटाटे, अंडी, असली तर कोंबडी, तोंडाशी पुन्हा पाला कोंबायचा, मडकं उपडं घालायचं आणि भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंब लागत नाही.

शेंगा बायका खुडतात. निवडतात बायका. मसाला वाटतात, मडकं धुऊन उन्हात ठेवतात, मीठ-ओव्याच्या पुड्या बांधून देतात, त्याही बायकाच. मडकं लावतात मात्र पुरुष. जाळ त्यांचा, गप्पा त्यांच्या, चांदणंही त्यांचंच. बायकांनी घरी थांबायचं आणि शिजलेल्या शेंगा टोपलीत आल्या की "कशी झालीय?" या प्रश्नाला "मस्त" म्हणायचं. हे कुठे लिहिलेलं नाही. लिहिलेलं असतं तर खोडता आलं असतं.

गेल्या रविवारी तो वास घरात शिरला तेव्हा मी एका पत्रकाचा मजकूर दुरुस्त करत होते. पत्रकं लिहिणं हे माझं काम. किनाऱ्यावर जायच्या जुन्या वाटा तारा ठोकून बंद करू नका, स्टँडवर बायकांसाठी संडास बांधा आणि बांधलाच तर त्याला कुलूप लावू नका, असली पत्रकं. गोड लिहायला मला कुणी शिकवलं नाही. हेही गोड होणार नाही, आधीच सांगते.

तेवढ्यात आर्या आली. आर्या विलासकाकाची मुलगी, म्हणजे माझी चुलतबहीण. यंदा नववीत आहे आणि शाळेच्या गाईड पथकात आहे.

"ताई, शिबिर ठरलं. सुरूबनात. शनिवार-रविवार."

"मग तोंड का असं?"

"स्काउटची पोरं राहणार. आमी पाचला घरी. मिनीडोर सांगितलीय. रविवारी सकाळी परत जायचं, साडी नेसून."

"साडी कशाला?"

"पाहुणे येणारेत. औक्षण हाय."

मी पेन खाली ठेवलं. हे संभाषण मी आधी ऐकलं होतं. शब्दसुद्धा तेच होते. फक्त तेव्हा नववीत मी होते.

*

आमच्या वेळी पथक तांडेल बाईंकडे होतं. बाई मराठी शिकवायच्या आणि मैदानावर आल्या की निराळ्याच व्हायच्या. गळ्यातली शिट्टी तोंडात गेली की त्यांच्या भुवया वर जायच्या आणि आम्ही जिथे असू तिथे थिजायचो. निळा गणवेश, गळ्यात स्कार्फ, पाठीवर त्याचा त्रिकोण. तो त्रिकोण नीट बसला नाही तर बाई मागून येऊन काही न बोलता ओढायच्या. आजही कुणी मागून खांद्याला हात लावला की माझी पाठ ताठ होते.

त्या निळ्या कापडात काय होतं ते मला नीट सांगता येणार नाही. गावात मुलीला धावायला कारण लागतं. एसटी चुकत असेल, गुरं सुटली असतील, पाऊस आला असेल. गणवेश घातला की कारण लागत नव्हतं. आम्ही गावातून रांगेत पळत जायचो आणि कट्ट्यावरचे म्हातारे नुसते बघायचे. रुबिना सगळ्यांत पुढे. रुबिना आमची संघनायिका, म्हणजे आमच्या गटाची म्होरकी. तिच्या वेण्या वर बांधलेल्या असायच्या आणि पळताना ती मागे वळून शिव्या घालायची, हळू पळणाऱ्यांना.

आता संघांच्या नावांचं बघा. पथकाचे छोटे गट पाडतात, त्यांना संघ म्हणतात आणि प्रत्येकाला नाव असतं. मुलांच्या संघांना प्राण्यापक्ष्यांची नावं. वाघ, सिंह, गरुड. मुलींच्या संघांना फुलांची. गुलाब, मोगरा, कमळ. ज्यांनी कुणी हे ठरवलं त्यांना वाटलं असणार की केवढं सुंदर सुचलं. मुलांनी झडप घालायची आणि आम्ही सुगंध द्यायचा. झडप घालून झाल्यावर वाघ आमच्याकडे बघून "ए मोगरा" म्हणून ओरडायचे आणि आम्हाला त्यावर परत काय ओरडावं ते सुचायचं नाही, कारण "ए वाघ" ही शिवी होत नाही.

आमच्या गटाला जास्वंद मिळालं होतं. रुबिनाने हात वर केला.

"बाई, आम्हाला नाव बदलून पायजे."

"कोणतं?"

"भांबुर्डी."

अख्खं मैदान हसलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली, सोडली.

"फुलाचंच नाव लागतं, माहीत आहे ना? भांबुर्डीला फूल येतं का?"

"येतं की. पिवळं. कोण बघत न्हाय एवढंच."

"मग नियमात बसतं," बाई म्हणाल्या आणि पुढच्या गटाकडे गेल्या.

मी आयुष्यात पुष्कळ मोर्चे पाहिले, पुष्कळ भाषणं ऐकली. नियमाच्या पोटात शिरून नियमाला असं उताणं पाडलेलं मी त्यानंतर फारसं पाहिलेलं नाही.

*

पथक म्हटलं की लोकांना वाटतं आम्ही गाठी शिकलो, शिट्ट्या शिकलो, जखमेला पट्टी बांधायला शिकलो. शिकलो तर खरंच. पण वर्षातला निम्मा वेळ आम्ही ताटं धरून उभ्या असायचो. कुणी पाहुणा आला, बोलवा गाईडच्या मुली. इमारतीला रंग लागला, बोलवा. पाण्याची टाकी बसली, बोलवा. मुलं फाटकावर काठ्या घेऊन बंदोबस्त करायची आणि आम्ही निरांजन सांभाळायचो, समुद्रावरच्या वाऱ्यात. निरांजन विझलं की दोष वाऱ्याचा नसायचा.

एकदा एका पाहुण्यांनी खुशीत येऊन रुबिनापुढे उजवा हात केला. आमच्या गाईडमध्ये हात मिळवतात तो डावा. तिने डावा पुढे केला. पाहुण्यांनी स्वतःचा हात असा मागे घेतला की जणू तिने विंचू दिला होता. "बेटा, डावा हात कुणाला देत नाहीत," ते म्हणाले. रुबिना हात पुढे तसाच ठेवून म्हणाली, "आमच्यात देतात, साहेब." बराच वेळ तो हात तिथे होता. शेवटी त्यांनी डाव्या हाताची दोन बोटं लावली.

घरी गेल्यावर मी हे सांगितलं तर विलासकाका म्हणाला, "पोरींना हेच शिकवतात काय तुमच्या बाई?" मी म्हटलं व्हय.

विलासकाका वाईट माणूस नाही. हीच तर अडचण आहे. वाईट माणसाविरुद्ध पत्रक काढता येतं. विलासकाकाने मला सायकल शिकवली, नागावच्या जत्रेत खांद्यावर बसवून नेलं, ताप आला तेव्हा रिक्षा मिळेना म्हणून दवाखान्यापर्यंत उचलून नेलं. तोच काका त्या वर्षी पालकसभेत उभा राहून म्हणाला, "पोरी रात्रीच्या सुरूबनात राहणार म्हणतायत. अहो, साधी पोपटी लावता येते का त्यांना? येत असेल तर ऱ्हाऊ दे खुशाल."

सभा हसली. तांडेल बाई म्हणाल्या, "ठीक आहे. लावतील." आणि त्यांनी ते असं म्हटलं की हसणं तिथेच संपलं. ठरलं ते असं: मुलींनी शनिवारी दुपारी पोपटी लावायची. साधली तर राहायचं. नाही तर पाचची मिनीडोर. मिनीडोर म्हणजे आमच्याकडची मोठी रिक्षा, आणि ती चालवणार होते माझे पप्पा.

आता थांबून विचार करा. मुलांना कुणी विचारलं होतं का? वाघांनी काय शिजवून दाखवलं होतं? ते गेले, राहिले, आले. आम्हाला मात्र राहण्यासाठी परीक्षा, आणि परीक्षेचा विषय असा, ज्याच्या जवळपास आम्हाला जन्मात फिरकू दिलं नव्हतं. तेव्हा हे मला नुसतं खुपत होतं. त्याला शब्द पुढे मिळाले.

*

सुरूबन म्हणजे वाळू आणि गावाच्या मधली ती सुरूची झाडं. तिथे वारा कधी बोलायचा थांबत नाही. खाली सुयांसारख्या पानांचा थर, त्यावरून चालताना पायांचा आवाज होत नाही. आम्ही सकाळीच तंबू ठोकले. वाळूत खुंटी धरत नाही, म्हणून खुंट्या आडव्या पुरल्या. दोऱ्या ताणल्या. गाठी बघायला बाई आल्या आणि एकही न सोडता पुढे गेल्या. ती आमची शाबासकी.

मडकं आम्ही मनापासून भरलं. तेवढं आम्हाला येत होतं, तेवढं तर सगळ्यांच्या आयांना येत होतं. पाला दाबला, शेंगा भरल्या, बटाटे घातले, तोंड बंद केलं, उपडं ठेवलं. आणि मग आम्ही शेकोटी रचली. पथकात शिकवलेली. सुरूची वाळकी लाकडं, खाली बारीक, वर जाड, चहूबाजूंनी टेकवून वर टोक एकत्र आणलेली, देवळाच्या कळसासारखी. या शेकोटीला आम्हाला पैकीच्या पैकी गुण होते. काय दिसत होती. मडकं आत दिसतसुद्धा नव्हतं.

पोपटीला लाकडं लावत नाहीत. पेंढा लावतात, गवत, झावळ्या. भुरभुर पेटतं, विझतं, पुन्हा टाकायचं. मडक्याला हलका, सगळीकडून सारखा जाळ मिळायला हवा. हे गावातल्या कुठल्याही मुलाला माहीत होतं. आम्हाला माहीत नव्हतं. आम्हाला शेकोटी माहीत होती.

सुरूचं लाकूड पेटलं आणि जो धगाटा उठला त्याने आम्ही मागे सरकलो. रुबिना म्हणाली, "मस्त लागलीय." आणि आतून आवाज आला. मोठा नव्हता. कुणी दारावर एकदाच थाप मारावी तसा. कळस एका बाजूला कलला आणि मडक्याची खापरी वाळूत येऊन पडली.

पलीकडच्या तंबूंतून वाघ, सिंह, गरुड सगळे पळत आले. काही हसले. एक म्हणाला, "पोरींनी मडकं न्हाय, बॉम्ब लावला." रुबिनाने त्याच्याकडे पाहिलं आणि काठीने निखारे बाजूला करायला लागली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. धुराचं, असं ती अजून म्हणते.

मिनीडोर वेळेवर आली. पप्पांच्या शेजारी विलासकाका आणि मागे माझी आई. आईला कुणी बोलावलं नव्हतं. पोरींची बोचकी धरायला कुणी तरी हवं म्हणून ती चढली, असं तिने सांगितलं. काका उतरला, खापऱ्या पाहिल्या. हसला नाही, हे त्याच्या बाजूने सांगितलं पाहिजे. हळू आवाजात म्हणाला, "चला गं. ठरलं होतं तसं."

आम्ही बाईंकडे पाहिलं. शब्द त्यांनीच दिला होता.

आई खाली बसली. पदर खोचला आणि खापरीत अडकलेली एक शेंग काढली. अर्धी करपलेली, अर्धी कच्ची. फुंकून वाळू उडवली, सोलली, दाणा तोंडात टाकला. सगळे तिच्याकडे बघत राहिले, कारण ती फार सावकाश चावत होती.

"भाऊजी," ती म्हणाली, "गेल्या साली तुमचं मडकं फुटलं ना वरच्या शेतात?"

काका म्हणाला, "ते वारा होता म्हणून."

"व्हय, वारा होता. त्याच्या आदल्या साली?"

"त्याचा आता काय संबंध, वहिनी?"

"काय न्हाय. मी एवढंच विचारते, तेव्हा तुम्हाला घरी आणायला कोण आलं होतं?"

मिनीडोरच्या सीटवर बसलेले पप्पा खोकायला लागले. तो खोकला नव्हता. मग एक वाघ हसला, मग बाई, आणि मग काकासुद्धा, मान खाली घालून. आई हसली नाही. तिने दुसरी शेंग काढली आणि रुबिनापुढे धरली. "घे. कच्ची हाय पण खाता येते." रुबिना तिच्या शेजारी वाळूत बसली. मी बसले. मग एकेक करून सगळा भांबुर्डी संघ बसला, मागोमाग गुलाब, मोगरा, कमळ. कुणी घोषणा दिली नाही. आम्ही करपलेल्या शेंगा खात बसलो, एवढंच. पप्पांनी गाडी वळवली आणि ती रिकामी गेली, काका पुढे आणि मागची सगळी जागा मोकळी. आई गाडीत चढलीच नाही, चालत घरी गेली. तिला वाळूतून चालायचं होतं.

रात्री काय केलं, हे मला नेहमी विचारतात. तोंडावर एक विशिष्ट उत्सुकता आणून विचारतात. झोपलो. आळीपाळीने पहारा दिला आणि झोपलो. पोरंही झोपलीच असतील.

*

पुढच्या वर्षी पथक तांडेल बाईंकडून काढलं. का, ते कुणी सांगितलं नाही. मुली पुन्हा पाचला घरी यायला लागल्या आणि तेव्हापासून येतच आहेत. म्हणजे आम्ही जिंकलो ते एका थंडीपुरतं. हे मला फार काळ टोचत राहिलं. एखादी गोष्ट एकदा मिळवली की ती मिळालेली राहते, असं मला वाटायचं. ती राहत नाही. वाल दरवर्षी पेरावे लागतात तसं आहे ते.

बुधवारी मी विलासकाकाकडे गेले. तो आता शाळेच्या समितीवर आहे. ओटीवर शेंगांचा ढीग होता, काकी निवडत होती.

"रश्मे, तू पत्रकं काढ," काका म्हणाला, "पण पोरींच्या मधी पडू नको. काय झालं तर कोण जबाबदार?"

"आम्ही राहिलो तेव्हा काय झालं होतं?"

"काय न्हाय."

"मग?"

"म्हणून तर. एकदा काय झालं न्हाय म्हणून दर टायमाला होणार न्हाय काय? तेव्हाचा किनारा आता राहिला का? शनिवारी बघ जाऊन. गाड्या थेट वाळूत घालतात. बाटल्या फोडतात."

इथे काका खरं बोलत होता. शनिवारचा किनारा मी पाहते. पण मला सांगा, बाटल्या फोडणारे बाहेर आणि मुली आत, हा कुठला बंदोबस्त? मागे स्काउटचा एक मुलगा भरतीत ओढला गेला, मरता मरता वाचला. त्यानंतर मुलांचं शिबिर बंद नाही झालं. दोर आणला, टायर आणले, पोहणारा माणूस ठेवला. मुलांवर संकट आलं की संकटाची व्यवस्था होते. मुलींवर ते येण्याआधीच मुलींची व्यवस्था होते. घरात.

हे मी काकाला असंच म्हणाले. तो म्हणाला, "तू बोलतेस ते पत्रकासारखं बोलतेस." मी म्हटलं, "मग घे, एक प्रत तुला."

काकी शेंगा निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आर्या जायचं म्हणते तर जाऊ दे की. मी पण येते. पहारा द्यायला बायका न्हाय मिळणार होय गावात?" काकाने तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे, जणू मीच तिच्या तोंडात ते घातलं होतं. मी घातलं नव्हतं.

"कमिटीत विचारतो," तो म्हणाला. विचारून आला. कमिटीने सांगितलं, यंदा नको, पुढच्या वर्षी बघू.

रुबिना आता मांडव्याच्या जेट्टीवर बोटीच्या तिकीट खिडकीत बसते. तिला फोन केला. मागे भोंगा वाजत होता, कुणी तरी सुट्या पैशांवरून भांडत होतं.

"शनिवारी सुट्टी टाक," मी म्हटलं.

"टाकली," ती म्हणाली. "आर्याने कालच फोन केला. मडकं मी आणते. दोन आणते."

आर्याने मला न विचारता रुबिनाला फोन केला होता. संध्याकाळी ती आली तेव्हा मी विचारलं, तुमचे संघ कोणकोणते? ती बोटांवर मोजत म्हणाली, "गुलाब, मोगरा, कमळ, भांबुर्डी."

"भांबुर्डी?"

"व्हय. आमचा. असतं ते नाव, पहिल्यापासून."

पहिल्यापासून. पथक काढून घेतलं, शिबिर काढून घेतलं, पण ते नाव कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. बांधावर वाढत राहिलं आपलं.

काल जेवताना पप्पांना सांगितलं, "शनिवारी तुमची फेरी रिकामी येणार आहे."

"मला म्हायत हाय. मागे पण रिकामीच आणलेली."

"मग जाता कशाला?"

पप्पांनी भात कालवला. "गाडी सांगितलीय तर गाडी उभी करणार मी. ज्या पोरीला यायचंय तिला आणणार. पण गाडी उभी हाय म्हणजे बसलंच पायजे, असं कुठं हाय?"

आई आत पेंढ्याच्या पेंड्या बांधत होती.

शनिवारसाठी मी पत्रक लिहिलेलं नाही. लिहायला बसले होते, पण आर्याला माझ्याकडून मजकूर नको आहे, हे माझ्या लक्षात आलं. तिला सांगण्यासारखं माझ्याकडे एवढंच आहे: पेंढा लाव, लाकडं नको. आणि मडकं फुटलंच, तर उठू नकोस.